न घडलेल्या अनर्थाचें श्रेय

मनुष्यस्वभावाचा असा एक विचित्र नियम आहे कीं, लागलेली आग विझविणाऱ्याच्या गळ्यांत हार पडतो, परंतु आग लागूंच नये म्हणून रात्रीं निजण्यापूर्वीं चुलींतील विस्तव नीट झांकून ठेवणाऱ्याची कोणी विचारपूस करीत नाहीं. जो वैद्य दुखणें बरें करितो त्याचें नांव गांवभर होतें. जो दुखणें येऊंच देत नाहीं, त्याच्याविषयीं मात्र लोक विचारतात, 'याचा उपयोग तरी काय?' प्रस्तुत लेखाचा विषय अशाच एका न घडलेल्या अनर्थाचा आहे. तो १ जानेवारी २००० या दिवशीं घडेल असें भाकीत होतें. तो घडला नाहीं. आणि घडला नाहीं म्हणूनच त्याच्या निवारणार्थ राबलेल्या लक्षावधि लोकांच्या वांट्यास आभाराऐवजीं उपहास आला. हा उपहास अन्यायाचा आहे, आणि त्या अन्यायापासून आपणां सर्वांस, विशेषतः आज वर्गांत बसलेल्या विद्यार्थ्यांस, धोका आहे, हें माझें मत मी येथें मांडणार आहें.

आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कोणाचाही जन्म त्या काळीं झालेला नव्हता. त्यांच्या पालकांना मात्र 'वाय-टू-के' हें नांव स्मरत असेल. यांतील 'वाय' म्हणजे वर्ष, 'टू' म्हणजे दोन व 'के' म्हणजे हजार. अर्थात् दोन हजारावें वर्ष. संकटाचें मूळ समजण्यास फार विद्वत्ता लागत नाहीं. आपल्याकडील म्हातारीं माणसें 'बहात्तरचा दुष्काळ' म्हणतात, 'सदुसष्टचा भूकंप' म्हणतात. ऐकणारास कळतें कीं, हा दुष्काळ १९७२ सालचा आणि हा कोयनेचा भूकंप १९६७ सालचा. शतकाचे अंक बोलणारानें गाळले, तरी ऐकणारा ते मनांत भरून घेतो. संगणकाला मात्र मन नाहीं. त्याला '७२' सांगितलें तर तो ७२ एवढेंच जाणतो. आणि '००' सांगितलें तर तें १९०० कीं २०००, हा प्रश्नच त्याला पडत नाहीं. ज्यानें आज्ञावली लिहिली त्यानें 'मागें १९ धर' असें एकदां सांगून ठेवलें असेल, तर तो जन्मभर १९ च धरीत राहतो.

मग हुशार माणसांनीं असें अपुरें साल लिहिलेंच कां? आज त्यांना हंसणें सोपें आहे. परंतु त्यांची अडचण खरी होती. त्या काळीं माहिती जाड कागदाच्या पत्त्यांवर भोंकें पाडून सांठवीत, आणि एका पत्त्यावर ८० अक्षरांपुरतीच जागा असे. त्यांतच गिऱ्हाइकाचें नांव, खात्याचा अंक, रक्कम आणि तारीख बसवावयाची. प्रत्येक तारखेंतील दोन अंक वांचले तर लाखों पत्त्यांवर केवढी बचत होई, याचा हिशेब कोणाही दुकानदाराला करितां येईल. १९५९ सालीं आय. बी. एम. कंपनीनें १४०१ या नांवाचा संगणक व्यापारी पेढ्यांसाठीं बाजारांत आणिला. त्याच्या सर्वांत लहान प्रकाराच्या स्मृतींत अवघीं १४०० अक्षरें मावत. म्हणजे या लेखाची पहिलीं दोन-तीन परिच्छेदेंसुद्धां त्यांत पुरतीं शिरलीं नसतीं. अशा टंचाईंत दोन अंक वांचविणें हा शहाणपणाच होता. चूक झाली ती पुढें. जागा स्वस्त झाली, यंत्रें बदललीं, परंतु जुन्या आज्ञावली तशाच नव्या यंत्रांवर चढविण्यांत आल्या. पांच-दहा वर्षें टिकेल म्हणून घातलेलें छप्पर तीस वर्षें राहिलें, आणि त्याखालीं अख्खें घर वाढलें.

या दोन अंकांमुळें काय बिघडणार होतें? उदाहरणार्थ, १९३५ सालीं जन्मलेल्या गृहस्थाचें वय १९९९ मध्यें काढावयाचें तर संगणक ९९ मधून ३५ वजा करी व ६४ हें बरोबर उत्तर देई. पुढच्याच वर्षीं तो ०० मधून ३५ वजा करणार, आणि गृहस्थांचें वय उणें ३५ होणार! मग त्यांचें निवृत्तिवेतन कोण देणार? कर्जावरील व्याज, विम्याची मुदत, औषधाची कालमर्यादा, मालाचा भरणा, कामगाराची नोकरीचीं वर्षें, या सर्वांच्या मुळाशीं हीच वजाबाकी आहे. शिवाय आणखी एक खोंच होती. ज्या सालास १०० नें भाग जातो तें लीप वर्ष नव्हे, परंतु ४०० नें भाग गेल्यास तें लीप वर्ष होय, असा १५८२ पासूनच्या ग्रेगोरियन पंचांगाचा नियम आहे. म्हणून १९०० सालच्या फेब्रुवारीस २८ दिवस आणि २००० सालच्या फेब्रुवारीस २९. अर्धाच नियम ठाऊक असलेल्या कित्येक आज्ञावलींत हा एकोणतिसावा दिवस नव्हताच.

हें सर्व कल्पनेंतील भय नव्हतें. दृष्टांत आधींच दिसूं लागले होते. १९९२ सालीं अमेरिकेच्या मिनेसोटा संस्थानांत १०४ वर्षांच्या एका वृद्धेला बालवर्गांत दाखल होण्याचें निमंत्रण आलें. कारण तिचें जन्मसाल ८८ असें नोंदलेलें होतें, व यंत्रानें तिला चार वर्षांची ठरविलें. ही गोष्ट हंसण्याजोगी खरी. परंतु मिशिगन संस्थानांतील एका फळभाज्यांच्या दुकानदाराला हंसूं आलें नाहीं. ज्या गिऱ्हाइकांच्या कार्डांची मुदत २००० सालीं संपणार होती, त्यांचें कार्ड लावतांच त्याच्या दुकानांतील पैसे घेण्याचीं यंत्रें बंद पडत, आणि गिऱ्हाइकांची रांग तिष्ठत राही. १९९७ सालीं हें प्रकरण न्यायालयांत गेलें.

इशारा देणारेही होते. बॉब बेमर या अमेरिकन तज्ज्ञानें १९७१ सालींच या दोषाविषयीं लेख लिहिला. तेव्हां शतक संपावयास एकोणतीस वर्षें होतीं. १९९३ च्या सप्टेंबरांत कॅनडांतील पीटर डी येगर यांनीं 'कॉम्प्युटरवर्ल्ड' या पत्रांत लिहिलेल्या लेखानें व्यापारीवर्ग कांहींसा जागा झाला. मधल्या बावीस वर्षांत काय झालें? बहुतेक ठिकाणीं कांहींच नाहीं. कारण उघड आहे. खर्च आजचा, फळ पुढील शतकांतलें. आणि फळ तरी कोणतें, तर आज जें चालू आहे तें उद्यां तसेंच चालू राहणें. नवीन इमारतीची कोनशिला बसविण्यास समारंभ होतो. जुन्या इमारतीच्या पायाची डागडुजी करण्यास पैसा मागणाऱ्या कारभाऱ्याकडे मालक डोळे वटारून पाहतो. 'बैल गेला आणि झोंपा केला' ही म्हण आमच्याच लोकांसाठीं आहे असें कोणी समजूं नये. ती न्यूयॉर्क व लंडन येथील पेढ्यांसही तितकीच लागू पडते.

तथापि, वेळेवर जागें झालेल्यांचें एक उत्तम उदाहरण आहे. अमेरिकेंत वृद्धांस व अपंगांस दरमहा वेतन देणारें सामाजिक सुरक्षा खातें आहे. त्या खात्यानें १९८९ सालींच कामास आरंभ केला. त्याच्या आज्ञावलींच्या ओळी तीन कोटींहून अधिक होत्या. त्या तपासून, दुरुस्त करून, पुन्हां पुन्हां पारखून घेण्यास जवळजवळ दहा वर्षें लागलीं, आणि १९९८ च्या डिसेंबर अखेरीस अध्यक्ष क्लिंटन यांनीं काम पुरें झाल्याचें जाहीर केलें. ज्यांनीं १९९७ मध्यें सुरुवात केली त्यांची काय धांदल उडाली असेल, याची कल्पना यावरून करावी.

ही दुरुस्ती म्हणजे काय काम होतें, तें विद्यार्थ्यांनीं नीट समजून घ्यावें. प्रथम मोजदाद: आपल्या पेढींत कोणकोणतीं यंत्रें व आज्ञावली आहेत, याची यादी. पुष्कळ कंपन्यांना आपल्याजवळ काय आहे हेंच ठाऊक नव्हतें. कित्येक आज्ञावली लिहिणारे निवृत्त झालेले, आणि कांहींची मूळ लिखित प्रतच गहाळ. दुसरी पायरी निवडीची: कशावांचून धंदा एक दिवसही चालणार नाहीं, आणि काय बंद पडल्यास चालेल. तिसरी दुरुस्तीची. येथें दोन मार्ग होते. एक सरळ, म्हणजे सर्वत्र सालाचे चार अंक करणें. तो खात्रीचा, पण खर्चाचा. दुसरा आडवळणाचा: उदाहरणार्थ, ०० ते २९ असेल तर तें २००० नंतरचें साल समजावें व ३० ते ९९ असेल तर १९०० नंतरचें, असें यंत्रास शिकविणें. हा स्वस्त, पण संकट न टाळतां पुढें ढकलणारा. चौथी पायरी परीक्षेची. आणि अर्धीअधिक मेहनत हिच्यांतच गेली. कारण एक ओळ सुधारतांना दुसरी बिघडते, हा या धंद्यांतील नित्याचा अनुभव. पांचवी पायरी म्हणजे इतकें करूनही यंत्र बंद पडल्यास हातानें काम कसें चालवावें याची तजवीज. शिवाय केवळ आपलें घर सांवरून भागत नसे. माल पुरविणारा, बँक, वीजकंपनी यांपैकीं एकाचें यंत्र चुकलें तरी आपलें काम अडणार, म्हणून प्रत्येकानें शेजाऱ्याची विचारपूस करणें प्राप्त झालें.

या कामांत आपल्या देशाचा वांटा मोठा आहे, आणि तो आमच्या मुलांस ठाऊक असावा. ज्या आज्ञावली तपासावयाच्या होत्या त्यांपैकीं फार मोठा भाग १९५९ च्या सुमारास जन्मलेल्या 'कोबॉल' या भाषेंतला होता. अमेरिकेंत ही जुनी भाषा शिकण्यास तरुण तयार नव्हते, भारतांत होते. मुंबईंत १९६८ सालीं सुरू झालेल्या टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस या कंपनीनें चेन्नई येथें याच कामाचा एक मोठा कारखानाच उभारला. मुंबईचें सीप्झ, पुणें, बंगळूर, हैदराबाद या ठिकाणीं रात्रंदिवस काम चाले. अमेरिकेंत रात्र झाली कीं येथें दिवस उजाडे, आणि तेथील कचेरी उघडेपर्यंत येथें दुरुस्त झालेली आज्ञावली उपग्रहाच्या मार्गानें परत पोंचे. महाराष्ट्रांतील लहान गांवांतून आलेले, मराठी शाळांत शिकलेले कितीएक तरुण-तरुणी या कामीं लागले. कांहीं येथेंच राहिले, कांहीं परदेशीं गेले. 'दुसऱ्यांच्या चुका निस्तरण्याची ही हमाली आहे' असें त्या वेळीं म्हणणारे होते. असेल हमाली, परंतु तींत हयगय झाली नाहीं, आणि भारतीय माणूस ठरल्या वेळीं, ठरल्या किंमतींत, बिनचूक काम देतो, हा जो विश्वास परदेशीं उत्पन्न झाला, त्यावरच पुढील पाव शतकाची इमारत उभी राहिली. कंटाळवाणें काम मन लावून करणें हें केवढें भांडवल आहे, याचा याहून मोठा पुरावा मला ठाऊक नाहीं.

अखेर ती मध्यरात्र आली आणि गेली. विमानें पडलीं नाहींत, दिवे विझले नाहींत, बँकांतील ठेवी नाहींशा झाल्या नाहींत. परंतु कांहींच झालें नाहीं असें म्हणणें खरें नव्हे. जपानांतील ओनागावा येथील अणुवीजकेंद्रांत बारा वाजून दोन मिनिटांनीं सूचनेची घंटा वाजली. सुदैवानें धोका नव्हता. अमेरिकेच्या हेरगिरी करणाऱ्या उपग्रहांकडून येणारी माहिती कांहीं दिवस नीट वाचतां येईना. तेथील नौदलाच्या वेधशाळेच्या घड्याळावर सालाचा अंक १९१०० असा उमटला. न्यूयॉर्क संस्थानांतील एका दुकानांत चित्रफीत उशिरां परत करणाऱ्या गिऱ्हाइकास शंभर वर्षांचा दंड म्हणून ९१,२५० डॉलरची मागणी झाली. ब्रिटनमध्यें तर वर्ष संपण्याच्या आधींच हजारों दुकानांतील कार्डयंत्रें अडलीं. कारण तीं चार कामाचे दिवस पुढें पाहून हिशेब करीत. आणि एक गोष्ट हंसण्याजोगी मुळींच नव्हती. इंग्लंडांतील शेफील्ड येथें दीडशेंहून अधिक गर्भवती स्त्रियांच्या रक्ततपासणीचे निकाल चुकीचे दिले गेले; यंत्रानें त्यांचें वय चुकीचें धरिलें होतें, आणि हा दोष उघडकीस येण्यास मे महिना उजाडला. जेथें दोष राहून गेला तेथें काय होऊं शकतें, हें या एका उदाहरणानें कळतें.

आतां आक्षेपकांचें म्हणणें ऐकूं. अमेरिकेच्या व्यापारखात्यानें १९९९ सालीं केलेल्या अंदाजाप्रमाणें एकट्या त्या देशाचा खर्च सुमारें १०,००० कोटी डॉलर होता. 'एवढा पैसा ओतला, आणि इटलीसारखे जे देश उशिरां जागे झाले तेथेंही प्रलय झाला नाहीं. तेव्हां हें भूत सल्लागारांनींच उभें केलें होतें,' असा हा आक्षेप आहे. त्यांत सत्याचा अंश आहे, तो मी नाकारीत नाहीं. भय दाखवून माल खपविणारे त्या वेळीं निघाले होते; कांहीं लोकांनीं धान्य व कंदील सांठवून ठेवले, आणि अनेक ठिकाणीं गरजेहून अधिक खर्चही झाला. परंतु उशिरां जागे झालेले देश वांचले ते कशामुळें? एक तर त्यांचा व्यवहार संगणकावर तितका अवलंबून नव्हता. दुसरें, त्यांची पुष्कळशी यंत्रें व आज्ञावली बाहेरून विकत घेतलेल्या होत्या, आणि त्या विकणाऱ्यांनींच सुधारून दिल्या. तिसरें, आधीं राबलेल्यांनीं कोठें काय बिघडतें हें शोधून ठेविलें होतें, तें त्यांस आयतें मिळालें. गांवांतील बहुतेकांनीं देवीची लस टोंचून घेतल्यावर, न टोंचलेला मनुष्य वांचला म्हणून लस निरुपयोगी ठरते काय? पावसाळ्यापूर्वीं नाले साफ केले आणि गल्लींत पाणी तुंबलें नाहीं, तर 'पाणी तुंबलेंच नाहीं, मग नाले साफ कशाला केले?' असें विचारणारास आपण काय म्हणूं?

हा केवळ गतकाळच्या मानापमानाचा प्रश्न असता तर या अंकाची पानें मी अडविलीं नसतीं. परंतु अशीच दुसरी तारीख पुढें उभी आहे. असंख्य संगणक १ जानेवारी १९७० पासून किती सेकंद गेले हें मोजून काळ ठरवितात. हा आंकडा ठेवण्यास जुन्या पद्धतींत जी जागा दिलेली आहे, तींत २१४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४७ याहून मोठी संख्या मावत नाहीं. १९ जानेवारी २०३८ रोजीं आपल्या घड्याळाप्रमाणें सकाळीं ८ वाजून ४४ मिनिटें ७ सेकंदांनीं ती संख्या पुरी होईल. पुढच्याच सेकंदास, दुरुस्त न केलेलें यंत्र आपण १३ डिसेंबर १९०१ मध्यें आहोंत असें समजेल. नव्या संगणकांत मोठी जागा दिलेली आहे, त्यामुळें हातांतील फोनची काळजी नको. परंतु कारखान्यांत, दवाखान्यांत, वीजकेंद्रांत भिंतीआड बसविलेलीं आणि वीस-वीस वर्षें कोणीं न उघडलेलीं लहान यंत्रें आहेत. त्यांची मोजदाद कोण करणार? आज शाळेंत असलेलीं मुलें त्या वेळीं कामाधंद्यास लागलेलीं असतील. हें काम त्यांच्याच हातीं येणार आहे.

आणि तें करण्यास पैसा मागण्यासाठीं तीं मालकापुढें उभीं राहतील, तेव्हां मालक काय म्हणेल? 'अरे, २००० सालींही असाच गाजावाजा झाला होता, आणि झालें काय? कांहींच नाहीं!' हा तो धोका. पूर्वींच्या यशाला फजिती ठरविल्यानें पुढील दुरुस्तीचा मार्ग बंद होतो. म्हणून खरा इतिहास सांगणें हें शाळेचें काम आहे. लढायांच्या व राज्यारोहणांच्या सनावळ्यांबरोबर, टळलेल्या संकटांचीही एखादी सनावळी आमच्या पुस्तकांत असावी, असें मला वाटतें.

पालकांस माझी एवढीच विनंति कीं, जें मूल गाजावाजा न करितां आपलें दप्तर आवरितें, गणित सुटल्यावरही ताळा करून पाहतें, धाकट्याचा पडूं पाहणारा पेला आधींच बाजूस सारतें, त्याचीही कधीं पाठ थोपटा. बक्षीससमारंभांत अशा गुणांस ढाल मिळत नाहीं. म्हणूनच घरीं तरी त्यांची दखल घेतली पाहिजे.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकीं कोणी यंत्रांचे निर्माते व्हाल, कोणी हिशेबनीस, कोणी परिचारिका, कोणी दुकानदार. ज्या कामाचें यश 'कांहींच घडलें नाहीं' या तीन शब्दांनीं सांगावें लागतें, असें काम प्रत्येकाच्या वांट्यास केव्हांना केव्हां येईलच. तें टाळूं नका. आणि आरंभ मोठ्या गोष्टींपासून करावयास नको. उद्यां वहीच्या कोपऱ्यांत तारीख घालाल, तेव्हां सालाचे चारही अंक लिहा. तुमच्यानंतर ती वही वाचणारा कोण असेल, व तो कोणत्या शतकांत असेल, हें आज तुम्हांस ठाऊक नाहीं.